स्वप्न त्यांचं, लाथ हिला!

*झोपेत बडबड, हातवारे, कधी चक्क मारामारी. हसण्यावारी नेलेली ही गोष्ट घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत फार महत्त्वाची असू शकते.*

तुमच्या रूममेटला झोपेत बडबडायची सवय आहे? डेडलाइनच्या आदल्या रात्री तो ‘सर, फाइल पाठवली’ असं ओरडतो? मग दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याची यथेच्छ खेचली जात असणार. झोपेत चावळणं हा आपल्याकडचा हक्काचा जोक. गॅदरिंगपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत कुठेही चालतो.

आता दुसरं दृश्य. रविवारचा तुमचा घरी फोन. आई इकडचं तिकडचं बोलता बोलता सांगते, ‘‘अगं, तुझे बाबा हल्ली झोपेत लाथा झाडतात. परवा तर माझ्या खांद्यावर असा गुद्दा बसला! मी आता हॉलमध्येच झोपते.’’ तुम्ही हसता. आईही हसते. मागून बाबा म्हणतात, ‘‘इतक्या वर्षांचा राग निघतोय!’’ तिघंही हसतात आणि विषय संपतो.

मंडळी, हा विषय तिथे संपवू नका, एवढंच सांगायला हा लेख आहे. कारण या गुद्द्याला मेडिकलच्या भाषेत एक नाव आहे: आरईएम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर. शॉर्टकटमध्ये आरबीडी. स्वप्नात जे चाललंय, तेच शरीराने प्रत्यक्षात करणं.

बटाट्याचं पोतं आणि उशी

‘मॅश’ ही गाजलेली अमेरिकन सीरियल आठवत असेल, तर अॅलन अल्डा हा अॅक्टरही आठवेल. त्याला एकदा स्वप्न पडलं. कुणीतरी त्याच्यावर हल्ला करतंय आणि तो त्या माणसावर बटाट्याचं पोतं फेकतोय. जाग आली तेव्हा कळलं, पोतं वगैरे काही नव्हतं. त्याने हातातली उशी शेजारी झोपलेल्या बायकोवर भिरकावली होती.

आपण असतो तर हा किस्सा पार्टीत सांगून मोकळे झालो असतो. पण अल्डाने स्वप्नं हातापायांनी ‘जगणाऱ्या’ माणसांबद्दल पेपरात एक लेख वाचला होता. त्यात म्हटलं होतं की, हे पार्किन्सन्सचं खूप आधी दिसणारं लक्षण असू शकतं. तो सरळ डॉक्टरकडे गेला आणि ब्रेन स्कॅन करून मागितला. तुमच्यात काहीच लक्षणं दिसत नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं. तरी त्याने स्कॅन करून घेतला. निदान झालं, पार्किन्सन्स! हे २०१५ सालचं. हाताची थरथर त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झाली. २०१८ मध्ये त्याने ही गोष्ट जगाला सांगितली.

दुसरा किस्सा आपल्या वयाच्या माणसाचा. माइक बर्बिग्लिया हा अमेरिकन स्टँड-अप कॉमेडियन. २००५ साल, वय २६. एका शोसाठी हॉटेलात उतरलेला. स्वप्नात त्याला दिसलं, त्याच्या खोलीच्या दिशेने मिसाइल येतंय. जीव वाचवायला त्याने खिडकीतून उडी मारली. स्वप्नातल्या नव्हे, खऱ्या खिडकीतून, काच फोडून! खोली वरच्या मजल्यावर होती. पायाला ३३ टाके पडले. तेव्हापासून तो स्लीपिंग बॅगमध्ये स्वतःला बंद करून झोपतो. या सगळ्यावर त्याने शो केला, २०१२ मध्ये सिनेमाही काढला. हसू येतं खरं, पण काच जरा वेगळी लागली असती तर ना शो झाला असता, ना सिनेमा.

दाराची कडी

हे नेमकं होतं कसं? फंडा सोपा आहे.

रात्रभर आपली झोप एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं चालतात. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक टप्पा येतो. त्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळं भराभर फिरतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी हा टप्पा जगासमोर आणला. हीच ‘आरईएम’ झोप. सगळ्यात रंगीत, सगळ्यात ड्रामॅटिक स्वप्नं याच वेळी पडतात. आणि पहाट जवळ येईल तसा हा टप्पा लांबत जातो.

या वेळी मेंदू जवळपास जागेपणीइतकाच कामात असतो. तुम्ही स्वप्नात धावत असाल तर मेंदू खरोखरच ‘धाव’ म्हणून ऑर्डर सोडत असतो. मग आपण गादीवरून उठून पळत का नाही? कारण मेंदूच्या खोडात, म्हणजे मेंदू जिथे मज्जारज्जूला जोडला जातो त्या भागात, एक छोटासा पेशीसमूह दाराला कडी घालतो. हातापायांच्या स्नायूंकडे जाणारे संदेश तिथेच अडवले जातात. श्वास चालू, डोळे चालू, बाकी शरीर लुळं. निसर्गाची काय भन्नाट सोय आहे बघा!

आरबीडीत ही कडीच नीट लागत नाही. ऑर्डर सुटते आणि थेट हातापायांपर्यंत पोचते.

याच्या नेमकं उलटं होतं ते तुमच्यापैकी काही जणांनी अनुभवलं असेल. जाग आलीय, डोळे उघडे आहेत, पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. गावाकडे त्याला भूत, मुंजा काय काय म्हणतात. ते असतं स्लीप पॅरालिसिस. तिथे आपण जागे झालो तरी कडी निघायला उशीर होतो. घाबरवणारं असतं, पण बहुतेकदा निरुपद्रवी.

भिगवणचे आबा

हे सगळं मी याआधी वाचलेलं होतं. माणूस मात्र भेटला भिगवणला.

भिगवण कुणाला सांगायला नको. पुणे-सोलापूर हायवे, पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, उजनी धरणाचं बॅकवॉटर आणि हिवाळ्यात पाण्यावर उतरलेले गुलाबी फ्लेमिंगो. भल्या पहाटे बाइक काढायची, होडीतून फोटो मारायचे, दुपारी भाकरी आणि तळलेली चिलापी हाणायची आणि संध्याकाळी परत. पुणेकर यंग क्राउडचा ठरलेला विंटर प्लॅन! मीही पक्ष्यांवरच्या एका स्टोरीसाठी गेले होते. ज्या दादांच्या होडीतून फिरले, जेवण त्यांच्याच घरी होतं. (नावं लिहीत नाही. बोलायला त्यांनी मोकळेपणी ‘हो’ म्हटलं, ते नावाशिवाय.)

दादांची आई भाकरी थापत होती. तिच्या मनगटावर हिरवंनिळं वळ दिसलं म्हणून मी विचारलं. मावशी आधी काहीच बोलल्या नाहीत. मग सून हसून म्हणाली, ‘‘आबांनी धरलं रातचं झोपंत.’’

आबा म्हणजे दादांचे वडील. वय सत्तरीच्या आसपास. सगळी हयात मासेमारीत गेलेली. अंगणात जाळं विणत बसले होते. इतका मऊ बोलणारा माणूस मी क्वचित पाहिलाय.

‘‘दिसभर कुनाला अरं-तुरं न्हाई करायचं,’’ मावशी सांगू लागल्या, ‘‘आन् रातचं तीन-चारला उठल्यावानी शिव्या काय, हात काय! डोळं मिटल्यालंच. मला वाटायचं, बाहेरचं काय लागलं का काय.’’

‘‘मग हाक मारली की?’’

‘‘हाक मारली की लगीच शुद्धीवर. म्हनत्यात, कोनतरी जाळं कापत हुतं.’’

आबांना विचारलं तर त्यांना ते स्वप्न स्पष्ट आठवत होतं. रात्रीची वेळ, काळं पाणी, कुणीतरी होडी लावून त्यांचं जाळं कापतंय आणि आबा वल्हं घेऊन त्याच्यावर धावून जातायत. जे मनगट त्यांनी चोराचं म्हणून धरलं, ते मावशींचं होतं. हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही.

चार-पाच वर्षं हे चाललंय. अंगारे झाले, नवस झाला. पलंग गेला, गादी जमिनीवर आली. कोयता आणि वल्ही दुसऱ्या खोलीत गेली. आता मावशी सुनेजवळ झोपतात. आबांच्या उजव्या हाताची बोटं भिंतीवर आपटून सुजलेली मीच पाहिली.

निघताना आणखी एक गोष्ट कळली. मासा ताजा की उतरलेला, हे आबा पूर्वी नुसत्या वासावर सांगायचे. लिलावात लोक त्यांना विचारायला यायचे. आता ते सुनेला विचारतात. वासच येत नाही. ‘‘करोनात गेला असंल,’’ आबा म्हणाले. ‘‘न्हाई,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘त्याच्या आधीच गेल्याला.’’

आबांना आरबीडीच आहे असं मी म्हणणार नाही. ते सांगायला मी डॉक्टर नाही, आणि डॉक्टरही ते नुसतं ऐकून नक्की सांगत नाहीत. पण पहाटेची वेळ, मिटलेले डोळे, हाक मारताच येणारी जाग, लख्ख आठवणारं स्वप्न आणि त्यात कायम कुणाचा तरी हल्ला... डॉक्टरांनी करून ठेवलेलं वर्णन याहून फारसं वेगळं नाही. दिवसा शांत असलेल्या माणसाचं रात्रीचं आक्रमक रूप, हेही त्यात वारंवार येतं. म्हणजे हा दाबून ठेवलेला राग नाही. मनात काहीतरी काळंबेरं आहे, असंही नाही. मावशींना मी एवढं सांगितलं तेव्हा त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि पदराने डोळे पुसले. मारतोय तो नवरा नाही, नवऱ्याची बिघडलेली झोप आहे, हे कुणी सांगेपर्यंत चार वर्षं गेली होती.

मांजरांपासून मिनिआपोलिसपर्यंत

कडीचा शोध आधी मांजरांमध्ये लागला. फ्रान्समधल्या लिऑन शहरात मिशेल जूव्हे या शास्त्रज्ञाने १९६५ च्या सुमारास मांजरांच्या मेंदूच्या खोडातला तो नेमका भाग निकामी करून पाहिला. मांजरं झोपली आणि आरईएमचा टप्पा आला की झोपेतच उठून न दिसणाऱ्या शिकारीवर झडप घालू लागली!

माणसात हेच होतं, हे ठामपणे मांडलं गेलं १९८६ मध्ये. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचे डॉ. कार्लोस शेंक आणि डॉ. मार्क माहोवाल्ड यांनी पाच रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. चार पुरुष आणि एक बाई, सगळे साठी गाठलेले किंवा ओलांडलेले. त्यातले एक गृहस्थ स्वप्नात अमेरिकन फुटबॉल खेळत होते. समोरच्या खेळाडूला धडक द्यायला धावले आणि थेट बेडरूममधल्या कपाटावर जाऊन आदळले. असेही रुग्ण होते, जे पडू नये म्हणून स्वतःला पलंगाला बांधून घेऊन झोपायचे.

हा आजार दुर्मीळ वाटतो, पण मध्यमवयीन आणि ज्येष्ठ लोकांमध्ये त्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळलंय. आपल्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींची संख्या डोळ्यांपुढे आणा. एखादं घर असेलच.

आता सीरियस गोष्ट

शेंक यांनी पन्नाशीपुढच्या आपल्या २९ पुरुष रुग्णांवर लक्ष ठेवलं. १९९६ मध्ये त्यांनी सांगितलं की, त्यातल्या ३८ टक्क्यांना पुढे पार्किन्सन्ससारखा आजार झाला. २०१३ मध्ये तोच आकडा ८१ टक्क्यांवर पोचला होता. २०१९ मध्ये जगभरातल्या २४ केंद्रांनी मिळून १,२८० रुग्णांचा अभ्यास मांडला. दर वर्षी शंभरातल्या सहा जणांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचा डिमेन्शियासारखा आजार जडत होता. बारा वर्षांत हे प्रमाण ७३ टक्क्यांच्या पुढे जात होतं.

कारण? अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या एका प्रथिनाचे गोळे मेंदूत साचत जातात. पार्किन्सन्समध्ये हात थरथरतात, चाल मंदावते, ते डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने मेल्यावर. पण बऱ्याच जणांमध्ये हे प्रथिन त्याआधीच मेंदूच्या खालच्या भागात घर करतं. कडी घालणाऱ्या पेशी तिथेच असतात. वास ओळखणारा भागही लवकर सापडतो. म्हणून गेलेला वास, जुनी बद्धकोष्ठता आणि झोपेतली हाणामारी ही तिन्ही लक्षणं हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतात.

पण लगेच घाबरून जाऊ नका. वास अनेक कारणांनी जातो. पोट तर अर्ध्या महाराष्ट्राचं साफ होत नाही! आणि झोपेत हलणारा प्रत्येक माणूस आरबीडीचा नसतो. झोपेत चालणारी मुलं वेगळी. ती रात्रीच्या पहिल्या प्रहरात, गाढ झोपेत, डोळे उघडे ठेवून फिरतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. काही जणांना झोपेत फिट येते. घोरता घोरता श्वास अडकणारे लोकही हातपाय झाडतात. त्यांचा श्वास सुरळीत केला की हा प्रकारही थांबू शकतो. आणि नुसती बडबड, म्हणजे तुमचा तो ‘सर, फाइल पाठवली’वाला रूममेट? त्याला झोप आणि सुट्टी द्या. बाकी ठीक आहे.

तरुणांमध्ये आरबीडी दिसला तर त्यामागे बऱ्याचदा डिप्रेशनवरची काही औषधं किंवा नार्कोलेप्सी हा झोपेचाच दुसरा आजार असतो. दारू एकदम सोडल्यावरही असं होऊ शकतं. तुम्ही अशा गोळ्या घेत असाल तर वाचल्या वाचल्या त्या बंद करू नका, प्लीज! डॉक्टरांना सांगा. ते बदलायचं की नाही ते ठरवतील.

फ्लेमिंगोला हे जमतं कसं?

जाता जाता भिगवणच्या पाहुण्यांबद्दल. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित पक्षी, एका पायावर उभा राहून बिनधास्त झोपतो. २०१७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं की, मेलेल्या फ्लेमिंगोचं शरीरही एका पायावर तोलून उभं राहू शकतं. त्याच्या पायाची रचनाच अशी आहे की स्नायूंना फारसं काम पडत नाही. पक्ष्यांचा आरईएमचा टप्पा बहुधा काही सेकंदांचाच असतो. मान जराशी लवते, तेवढंच. आणि २०२३ मध्ये झोपलेल्या कबुतरांचे मेंदू स्कॅन केले गेले, तेव्हा या टप्प्यात पाहण्याशी आणि पंखांशी संबंधित भाग कामाला लागलेले दिसले. कबुतरंही उडण्याची स्वप्नं पाहत असावीत, असा संशोधकांचा अंदाज! हिमालय ओलांडून उजनीवर उतरणारा पट्टकादंब झोपेत काय पाहत असेल, विचार करा.

सांगायचं की नाही?

आता खरा पेच. पार्किन्सन्स होऊच नये, असं औषध आज जगात कुठेही नाही. मग साठीच्या माणसाला ‘तुम्हाला पुढे हे होऊ शकतं’ असं सांगून त्याची उरलेली झोप का उडवायची? या प्रश्नावर डॉक्टरांमध्येही खल चाललेला असतो. पेशंटला किती जाणून घ्यायचंय, हे आधी त्यालाच विचारा, असं मानणारे अनेक जण आहेत.

होडी किनाऱ्याला लावताना दादांनी मला हेच विचारलं. ‘‘ताई, ह्ये पुढं कशात जातं का?’’ मी मला माहीत होतं ते सांगितलं. जाऊ शकतं, जाईलच असं नाही, आणि आधी निदान तर होऊ दे. ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग घरी येऊन त्यांनी सरळ आबांसमोरच विषय काढला. आबा काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते:

‘‘धरणाच्या टायमाला पानी येनार म्हनून सांगितल्यालं. पानी काय थांबलं न्हाई. पर ज्यांनी आयकलं, त्यांनी घराची लाकडं तरी काढून नेली.’’

उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, तेव्हा भीमेकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. आजही कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. आबा तेव्हा विशीत होते. त्यांना प्रोबॅबिलिटी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि ‘लाकडं काढून नेण्या’सारखं इथे बरंच आहे. पहिलं म्हणजे रोजची इजा थांबवता येते. मेलाटोनिन आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधं यासाठी बऱ्याच वर्षांपासून वापरली जातात आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. (मेडिकलमधून स्वतःच आणायची नाहीत. क्लोनाझेपामने ज्येष्ठांचा तोल जाऊ शकतो, घोरणाऱ्यांचा श्वास आणखी अडू शकतो.) दुसरं, अशा माणसांना काही औषधं झेपत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना आधी माहीत असलेलं बरं. तिसरं, व्यायाम. तो आजार रोखेलच याची गॅरंटी नाही, पण पार्किन्सन्समध्ये त्याचा फायदा होतो हे नक्की. चौथं, पार्किन्सन्स झालाच तर त्यावर उपचार आहेत आणि लोक त्यासोबत वर्षानुवर्षं नीट जगतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, जिथे रुग्ण आणि त्यांचे घरचे एकमेकांना धरून असतात. नर्तक हृषीकेश पवार यांनी तर पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांना चक्क डान्स शिकवला!

मग, तुम्ही काय कराल?

*पलंग आणि खोली आधी सेफ करा.* गादी खाली घ्या किंवा शेजारी जमिनीवर दुसरी गादी टाका. काचेचं टेबल, टोकदार कोपरे, कात्री, कोयता खोलीबाहेर. पलंग खिडकीपासून लांब. निदान आणि उपचार होईपर्यंत आईने वेगळं झोपलेलं बरं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

*हलवून उठवू नका.* जवळ गेलात तर स्वप्नातला चोर तुम्हीच! लांबून नाव घेऊन हाक मारा.

*मोबाइल कामाला लावा.* रात्रीचा एक छोटा व्हिडिओ डॉक्टरांना खूप काही सांगून जातो. त्यासाठी बाबांना आधी विचारा. आणि तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर अजिबात टाकू नका.

*न्यूरॉलॉजिस्टला किंवा झोपेच्या डॉक्टरला दाखवा.* पक्क्या निदानासाठी एक रात्र स्लीप लॅबमध्ये झोपावं लागतं. डोक्याला, हनुवटीला, हातापायांना वायर्स लावतात आणि रात्रभर व्हिडिओ चालू असतो. आरईमच्या टप्प्यात हनुवटीचे स्नायू ढिले पडतात की ताठच राहतात, ते त्यात कळतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटल्समध्ये ही सोय आहे. दुखत-खुपत नाही, फक्त झोप जरा अवघडून लागते.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट. २०१२ मध्ये संशोधकांनी एकाच प्रश्नाची चाचणी तपासून पाहिली. झोपेत हात उगारणं, लाथा झाडणं, धावल्यासारखं करणं, म्हणजेच स्वप्नं अंगाने खेळणं, असं तुमच्या बाबतीत होतं असं कुणी सांगितलंय का किंवा तुम्हाला स्वतःला तशी शंका आलीय का? बस्स, एवढंच. या एका प्रश्नाने आरबीडीचे शंभरातले ९४ रुग्ण ओळखता आले. निरोगी लोकांपैकीही काही जण ‘हो’ म्हणाले, त्यामुळे हे निदान नव्हे, डॉक्टरकडे जायचं निमित्त आहे.

यातली खरी गोम लक्षात आली का? उत्तर झोपणाऱ्याला माहीत नसतंच. ते माहीत असतं शेजारी झोपणाऱ्याला. आणि आपल्याकडे ती शेजारी झोपणारी बाई वर्षानुवर्षं गुद्दे खाते, खोली बदलते, ‘यांचं असंच आहे’ म्हणते. डॉक्टरकडे ब्लडप्रेशर दाखवायला जाताना याबद्दल अवाक्षर काढत नाही. नवऱ्याची बदनामी कशाला, म्हणून!

म्हणून येत्या रविवारी फोन कराल तेव्हा बाबांना नका विचारू. आईला विचारा. आणि ती हसली, तरी तुम्ही हसू नका.